दोन ड्रायव्हर म्हणजे न थांबणारी गाडी नव्हे

प्रति,
मा. मंत्री, केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय,
मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य,
आणि भिवंडी, चाकण, तळोजा, बुटीबोरी इथून देशभर माल पाठवणाऱ्या कंपन्यांचे वाहतूक अधिकारी यांस

विषय : लांब पल्ल्याच्या मालगाड्यांवरचा डबल ड्रायव्हर – हिशेब, झोप आणि नियम

महोदय,

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ९० मध्ये नॅशनल परमिटच्या जड गाडीसाठी एक अट होती. गाडीवर किमान दोन ड्रायव्हर हवेत आणि ड्रायव्हरच्या सीटमागे पूर्ण रुंदीचं असं आसन हवं, की मोकळ्या ड्रायव्हरला त्यावर अंग टाकून झोपता येईल. २०१८ मध्ये दोन ड्रायव्हरांची ही सक्ती काढली गेली. त्याचं फारसं कुणाला वाईट वाटलं नाही, कारण बऱ्याच गाड्यांवर दुसरा ड्रायव्हर फक्त कागदावर असे आणि केबिनमध्ये बसलेला असे तो क्लीनर.

अट गेली, पण डबल ड्रायव्हर गेला नाही. आता त्याला बोलावतं ते कंत्राट. ‘भिवंडी ते दिल्ली ३६ तासांत पोच, उशीर झाल्यास भाड्यातून कपात’ असं एक कलम टाकलं की दुसरा माणूस आपोआप गाडीवर चढतो. जुना नियम दुसरा माणूस मागत होता तो पहिल्याला झोप मिळावी म्हणून. आताचं कंत्राट मागतं ते गाडी कुठेच उभी राहू नये म्हणून. दोन्हीकडे माणसं दोनच, पण हेतू अगदी उलटा. हे पत्र त्या फरकाबद्दल आहे.

आधी पैशांचं बोलू, कारण डबल ड्रायव्हर ठेवायचा की नाही हे मालक तिथेच ठरवतो.

३२ फुटी सिंगल एक्सल कंटेनर, साधारण ७ टन माल, भिवंडी ते दिल्ली राष्ट्रीय महामार्ग ४८ ने सुमारे १,४०० किलोमीटर. स्पीड गव्हर्नर (वेग रोखणारं यंत्र) ८० वर बांधलेला असला तरी टोल, शहरांची तोंडं, डायव्हर्जन, डिझेल धरून चाकावरच्या तासाला सरासरी ४५ किलोमीटरच पडतात. म्हणजे ३१ तास स्टिअरिंग. एकटा ड्रायव्हर दिवसाला १० तास चालवणार असेल तर तीन दिवस आणि वर दोनेक तास. दोघांनी गाडी अजिबात न थांबवता, फक्त जेवण-डिझेलपुरती उभी करून नेली तर ३४ तास. आणि दोघांनी मिळून १८ तास चालवून, मधल्या थांब्यांसकट वीसेक तासांनी गाडी ९ तास उभी केली, दोघंही झोपले आणि मग उरलेलं अंतर कापलं, तर ४३ तास.

गाडीचा हप्ता, विमा, कर, परमिट वगैरे उभा खर्च हिशेबासाठी महिन्याला १,२०,००० रुपये धरू, म्हणजे दिवसाला ४,०००. दुसऱ्या ड्रायव्हरचा रोज आणि भत्ता मिळून दिवसाला १,४०० धरू. दोन्ही टोकांना लोडिंग-अनलोडिंगचा एकेक दिवस. आकडे ज्याने त्याने आपल्या गाडीचे घालावेत, रीत हीच.

एकट्या ड्रायव्हरची जाऊन-येऊन फेरी ८.२ दिवसांची. न थांबणाऱ्या डबल ड्रायव्हरची ४.८ दिवसांची. ३.४ दिवस वाचले, म्हणजे १३,६०० रुपये. त्यातून दुसऱ्या ड्रायव्हरचे ६,७२० वजा केले की मालकाच्या हातात राहिले ६,८८०. झोपेचा थांबा घेणारी डबल ड्रायव्हरची फेरी ५.६ दिवसांची. २.६ दिवस वाचले, म्हणजे १०,४००. त्यातून ७,८४० गेले, उरले २,५६०. दोन्हींतला फरक ४,३२० रुपये. सगळा मोह एवढाच आहे. दोन्ही बाजूंचा मिळून १४ टन माल धरला तर किलोमागे ३० पैसे. एवढ्या पैशांसाठी दोन माणसं धक्के खात झोपतात, आणि कधी कधी त्यातलं एक माणूस स्टिअरिंगवर झोपतं.

याच हिशेबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, ती कंपन्यांच्या वाहतूक अधिकाऱ्यांनी जरूर पाहावी. डबल ड्रायव्हरने रस्त्यावर वाचवलेला वेळ तुमच्या गेटवर संपतो. गाडी गोदामाबाहेर उभी राहिली की दुसऱ्या ड्रायव्हरचे रोज १,४०० चालूच राहतात आणि काम मात्र दोघांनाही नसतं. थांबा घेणाऱ्या फेरीत असे जादा दोन दिवस गेटवर गेले की डबल ड्रायव्हरचा फायदा शून्याखाली उतरतो. रस्त्यावर तास मोजायचे आणि अनलोडिंगला दिवस, असा हा कारभार आहे. दिल्लीत जड वाहनांना दिवसा ठरावीक वेळी बंदी असते. तिथे सकाळी सातनंतर पोचलेली गाडी ३४ तासांत आली काय नि ४३ तासांत, रिकामी होणार रात्रीच. तरी कंत्राटात तास असतातच.

बरं, ही घाई सरकारी कागदांतून येते म्हणावं तर तेही नाही. ई-वे बिलाची (मालासोबतच्या जीएसटीच्या कागदाची) मुदत १ जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी आहे. १,४०० किलोमीटरला सात दिवस मिळतात. कायदा सात दिवस देतो, कंत्राट दीड.

डबल ड्रायव्हर वाईट असं आम्ही म्हणत नाही. काही मालाला त्याच्याशिवाय गत्यंतर नाही. रावेर-यावलची केळी उत्तरेत जायची, नाशिकची द्राक्षं, रीफरमधली (थंड कंटेनरमधली) औषधं, नाशवंत मासळी – इथे उशिराची किंमत तासातासाला वाढत जाते आणि शेवटी मालच राहत नाही. सिमेंट, सळई, टाइल्स, भंगार यांना दोन ड्रायव्हर लावणं म्हणजे पैसे जाळणं. घरपोच पार्सलच्या गाड्या या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी येतात. त्यातला किती माल खरोखर घाईचा असतो हे तुम्हालाच ठाऊक.

वेळेपलीकडचेही फायदे आहेत आणि ते हिशेबाच्या वहीत येत नाहीत. रात्री ढाब्यावर उभ्या गाडीतलं डिझेल काढणं, ताडपत्री कापणं, सील तोडणं हे एकट्या ड्रायव्हरच्या वाट्याला जास्त येतं; दोघं असले की एक जेवतो, एक गाडीपाशी असतो. यार्डात ३२ फुटी मागे घेताना डाव्या अंगाला माणूस उभा असला तर डॉकचा रबरही फाटत नाही नि मागचा बंपरही वाकत नाही. वाटेत छातीत दुखायला लागलं तर गाडी पुढच्या गावापर्यंत नेणारा कुणी असतो. आणि ड्रायव्हर तयार होतो तो असाच. हेवी लायसन्स हातात आलेल्या पोराला कसारा घाट उतरताना गिअर कधी धरायचा, ब्रेकवर किती भरवसा ठेवायचा, हे शेजारी बसलेला जुना माणूसच शिकवतो. क्लीनरकीची पद्धत मोडल्यापासून ही शाळा बंद पडत चालली आहे.

आता खरा मुद्दा, झोपेचा.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा पुढचा एक्सल पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगवर असतो. चांगल्या नव्या केबिनना स्वतःचं सस्पेन्शन असतं, पण जुन्या दहा चाकीत खड्ड्याचा दणका थेट बर्थवर पोचतो. बर्थ म्हणजे सीटमागची आडवी फळी, वर गादी. तिच्यावर किंवा खाली ताडपत्री, दोर, जॅक, पाने, स्टोव्ह, पाण्याचा कॅन, दोघांच्या पिशव्या. मध्यम उंचीच्या माणसालाही गुडघे दुमडावे लागतात. टोलनाक्याच्या रंबलरवर, प्रत्येक ब्रेकला, प्रत्येक हॉर्नला झोप वरवर येते आणि परत खाली जाते. माणूस सहा तास आडवा असतो, त्यातली गाढ झोप फार थोडी. शिवाय दुसऱ्याच्या हातात गाडी असताना कान जागाच राहतो. गिअर बदलल्याचा आवाज वेगळा आला तरी डोळे उघडतात. हा भित्रेपणा नव्हे, ड्रायव्हरची सवय आहे.

सलग १७ तास जागलेल्या माणसाची हालचाल रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी मंदावते, असं प्रयोगांत दिसलेलं आहे. आपल्याकडची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. नाक्यावर श्वास तपासतात. जागरण तपासणारं यंत्र कुणाकडे नाही. ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला तर ६६ मीटर, म्हणजे अशा सहा-सात कंटेनरांच्या लांबीइतकं अंतर गाडी कुणीच चालवत नसतं. समृद्धी महामार्गासारख्या सरळ, रिकाम्या, एकसारख्या रस्त्यावर हे जास्त घडतं, घाटात कमी. घाट माणसाला झोपू देत नाही.

पहाटे दोन ते पाच ही वेळ शरीराच्या घड्याळातली सगळ्यात खोल. दुपारी जेवणानंतर दोन ते चार दुसरी. दोन ड्रायव्हर असले म्हणून ही घड्याळं बदलत नाहीत. पहाटे तीनला दोघंही एकाच खड्ड्यात असतात. डबल ड्रायव्हरच्या गाडीत बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच आणि कारणही ठरलेलं असतं. गाडी रात्री दहाला सुटते. पण दोघंही सकाळपासून गोदामात होते, एक हमालांच्या मागे, दुसरा बिल्टी (मालाची पावती) आणि सीलच्या मागे. म्हणजे दहा वाजता ‘ताजा’ ड्रायव्हर कुणीच नसतो. पहिला दोन वाजेपर्यंत कसाबसा ओढतो, दुसऱ्याला उठवतो, आणि दुसरा गाढ झोपेतून थेट स्टिअरिंगवर. झोपेची ती धुंदी उतरायला वीस ते तीस मिनिटं लागतात. तेवढ्यात गाडी पंधरावीस किलोमीटर गेलेली असते.

यावर उपाय साधे आहेत, फक्त ते गाडी सुटण्याआधी करावे लागतात. रात्रीच्या पाळीचा माणूस लोडिंगला उभा करायचा नाही. त्याला दुपारी झोपू द्यायचं, गोदामात जागा नसेल तर घरी. शक्य तिथे गाडी रात्री दहाऐवजी पहाटे चारला सोडायची, म्हणजे वीस तासांनंतरचा मोठा थांबा मध्यरात्री येतो आणि धोक्याचे तास उभ्या गाडीत जातात. भिवंडीहून पहाटे निघालेली गाडी साधारण उदयपूरच्या अलीकडे-पलीकडे थांबेल. पाळी चार ते पाच तासांची, त्याहून मोठी नको. पाळ्या रोज फिरवू नयेत. ज्याला रात्र मानवते त्याची रात्र, दुसऱ्याचा दिवस. आणि झोप घालवायला ‘भुक्की’ (अफूच्या बोंडांचा चुरा) किंवा गोळ्या घेणाऱ्या माणसाला जोडीत ठेवायचंच नाही, तो कितीही जुना असला तरी. अशा माणसाचा अंमल उतरतो तेव्हा उतार एकदम येतो.

ड्रायव्हर बदलायची वीस मिनिटं ही डबल ड्रायव्हरच्या गाडीतली सगळ्यात महत्त्वाची वीस मिनिटं आहेत, आणि सर्वांत आधी तीच खाल्ली जातात. कारण समजून घ्या. एकट्या ड्रायव्हरच्या गाडीला रोज एक सकाळ असते. तो उठतो, गाडीभोवती फिरतो, टायरवर टॉमी (लोखंडी दांडा) मारतो, तेल-पाणी बघतो. न थांबणाऱ्या गाडीला सकाळच नसते, मग सकाळची तपासणी करणार कोण? वर ही गाडी महिन्याला १०,००० च्या जागी १७,५०० किलोमीटर पळते. ग्रीसिंग, लायनर, व्हील बेअरिंग, ऑइल, सगळ्यांची पाळी तारखेआधी येते आणि मालक मात्र जुन्या तारखेच्या हिशेबात असतो.

म्हणून बदलीची रीत अशी हवी. जागा पंप किंवा मोठा ढाबा. महामार्गाची कड नाही, टोलच्या पुढची मोकळी जागा नाही, घाट तर नाहीच. पोचायच्या अर्धा तास आधी झोपलेल्याला हाक. गाडी उभी केल्यावर टर्बो थंड व्हायला इंजिन दोनतीन मिनिटं तसंच चालू. ब्रेकच्या हवेचा दाब दाखवणाऱ्या दोन्ही सुया ८ बारच्या आसपास आहेत ना, हे पाहून इंजिन बंद, आणि पाच मिनिटांनी पुन्हा सुया बघायच्या. एखादी डोळ्यांदेखत उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे आणि पुढे उतार आहे. मग गाडीभोवती एक फेरी. चाकाच्या मधल्या प्रत्येक हबजवळ हाताची पालथी बाजू न्यायची, लावायची नाही. एक हब बाकीच्यांपेक्षा तापलेला वाटला तर बेअरिंग बसतंय किंवा ब्रेक धरून बसलाय. मागच्या जोडचाकांत आतला टायर टॉमीने वाजवायचा. बद्द आवाज आला की हवा कमी, आणि तोच टायर तापून पेट घेतो. सीलचा नंबर बिल्टीशी ताडायचा. कूलंट, डीईएफची (धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची) पातळी. डीईएफ संपलं की बीएस-६ इंजिन ताकद कमी करतं, तेही नेमकं चढावर जाणवतं. लाइट, रिफ्लेक्टर, मागचा दिवा. शेवटी उतरणाऱ्याने चढणाऱ्याला तोंडी सांगायचं: गाडी डावीकडे ओढतेय का, पुढे डायव्हर्जन कुठे आहे, ब्रेक कुठवर दाबावा लागतोय. चढणाऱ्याने तोंड धुतलेलं, चार पावलं चाललेलं आणि आरसे आपल्या उंचीला लावून घेतलेले असावेत. आरशाचं हसू नका. दोघांच्या उंचीत चार इंचांचा फरक असला तर डावीकडचा दुचाकीवाला आरशात मावतच नाही.

बर्थबद्दल अमेरिकेचा नियम नेमका आहे. झोपायची जागा किमान ७५ इंच लांब, २४ इंच रुंद, गादीच्या वर २४ इंच मोकळी उंची, आणि गाडी चालू असताना झोपलेल्याला फेकलं जाण्यापासून अडवणारा पट्टा किंवा जाळी. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड मालवाहू गाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, हे फार चांगलं झालं. पण बर्थवर झोपलेल्या माणसाला धरून ठेवणारं काहीही आजच्या बहुतेक गाड्यांत नाही. जोराचा ब्रेक लागला की तो सीटवर, गिअरवर किंवा काचेवर. जाड पट्ट्यांची जाळी आणि चार मजबूत हुक बसवायला बॉडी बिल्डरला अर्धा दिवस पुरतो. आणि पाच किलोचा गॅस सिलिंडर कृपा करून बर्थखालून काढा. स्वयंपाक करायचाच तर तो बाहेरच्या टूलबॉक्समध्ये, उभा बांधून.

माणसांच्या जोडीचं शास्त्र कुठल्या पुस्तकात नाही, पण नियम ठरलेले आहेत. दोन नवखे एकत्र नकोत. एक घोरणारा नि एक हलक्या झोपेचा ही जोडी आठवड्यात मोडते. विडी ओढणारा नि न ओढणारा, तेच. जोडी एकदा जमली की मोडू नका. ट्रिपमागे माणूस बदलला की भरवसा पुन्हा पहिल्यापासून. आणि ‘याच्या हातात गाडी असताना मला झोप लागत नाही’ असं एखादा म्हणाला तर कारण विचारत बसू नका, जोडी बदला. तो जे सांगतोय ते कुठल्याही जीपीएसच्या अहवालात येणार नाही.

पैशावरून होणारी भांडणं मात्र सगळी टाळता येण्यासारखी आहेत. एका ड्रायव्हरच्या ट्रिपचे पैसे दोघांत वाटणं हा सगळ्यांत वाईट प्रकार; त्यात दोघांनाही वाटतं की दुसरा आपलं खातोय. किलोमीटरवर दर ठेवला तर दोघं मिळून पळवतात आणि थांबा गिळतात. दोघांना स्वतंत्र मासिक पगार, वर चाकावरच्या आणि गेटवरच्या दोन्ही दिवसांचा भत्ता, ही रीत टिकते. वाचलेल्या डिझेलचं बक्षीस जोडीला द्या, एकट्याला नको, नाहीतर ‘अ‍ॅव्हरेज तू खाल्लास’ हे रोजचं. ई-चलान मालकाच्या नावावर येतं. वेळ बघून ज्याची पाळी त्याच्याकडे मागायचं असेल तर पाळीची नोंद आधी हवी.

ही नोंद चलानापुरती नाही. अपघात झाला की पहिला प्रश्न असतो, स्टिअरिंगवर कोण होतं? मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे ते सांगणं मालकावर बंधनकारक आहे. दुसरा माणूस हेवी लायसन्सचा नसेल आणि चालवत तोच असेल, तर विमा कंपनी नुकसानभरपाई तिऱ्हाइताला देऊन मालकाकडून वसूल करू शकते. पॉलिसीत पगारी ड्रायव्हर-क्लीनरचं दायित्व किती माणसांचं घेतलंय हेही छोट्या मालकांनी उघडून बघावं. त्याचा हप्ता माणशी ५० रुपये असतो आणि तो बऱ्याचदा एकाचाच भरलेला असतो.

आता मंत्रालयाशी थेट.

१९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, लांब पल्ल्याला परवानगीने १० आणि ५४, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, दोन दिवसांच्या कामात सलग ९ तासांचं अंतर, हे सगळं लिहिलेलं होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ ने तासांसाठी त्याच कायद्याकडे बोट दाखवलं. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगारांच्या व्यवसायाला लागू होता, आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हा आकडा दहा झाला. एकदोन गाड्यांचे मालक, ज्यांच्या जिवावर देशातला बराच माल हलतो, ते आणखी लांब गेले. आणि मूळ प्रश्न तसाच राहिला: चालत्या गाडीत बर्थवर पडलेला माणूस कामावर की विश्रांतीवर?

जगात याची दोन उत्तरं आहेत. अमेरिकेत चालत्या गाडीतल्या बर्थवरचा वेळ विश्रांती म्हणून धरतात. एका ड्रायव्हरला ११ तास चालवायची मुभा, दोघं मिळून गाडी जवळजवळ चोवीस तास पळते. युरोपच्या २००६ च्या ५६१ क्रमांकाच्या नियमात असं चालत नाही. दोन ड्रायव्हर असले तरी ३० तासांच्या आत प्रत्येकाला सलग ९ तास विश्रांती, आणि ती गाडीतच घ्यायची असेल तर गाडी उभी हवी. चालत्या गाडीत बसलेल्याला फार तर ४५ मिनिटांचा ब्रेक मिळतो. आम्ही दुसरं उत्तर घ्या म्हणतो. अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या केबिन ऐसपैस, एअर सस्पेन्शनच्या असतात आणि त्यांच्या महामार्गांवर उलट्या दिशेने ट्रॅक्टर येत नाहीत. आपला रस्ता आणि आपली केबिन बघता चालत्या बर्थला झोप म्हणणं ही स्वतःची फसवणूक आहे.

नियम ९० ची जुनी अट जशीच्या तशी परत आणू नका. ती पुन्हा झेरॉक्सवरच राहील. अट परमिटला न बांधता फेरीला बांधा. अंतराला ४०० ने भागा, येतील तेवढे दिवस एका ड्रायव्हरचे. कंत्राटातली मुदत त्याहून कमी असेल तर दोन हेवी लायसन्सवाले सक्तीचे, आणि ४८ तासांपेक्षा कमी लागत असले तरी ३० तासांत ९ तासांचा उभा थांबा सक्तीचा. १,४०० किलोमीटरला हा आकडा साडेतीन दिवस येतो. त्याखाली मुदत लिहिणाऱ्या कंपनीने दुसऱ्या ड्रायव्हरचे पैसे भाड्यात वेगळे दाखवावेत, आणि ४३ तासांच्या कामाला ३६ तास लिहिले असतील तर दंड गाडीवाल्याला नको, लिहिणाऱ्याला व्हावा.

सप्टेंबर २०२१ मध्ये मा. गडकरी साहेबांनी ट्रक ड्रायव्हरचे तास वैमानिकांसारखे ठरवायला हवेत, असं जाहीर म्हटलं होतं. वैमानिकाचे तास मोजता येतात कारण नोंद माणसाची होते. आपलं जीपीएस गाडी कुठे आहे ते सांगतं, कोण चालवतंय ते सांगत नाही. युरोपात टॅकोग्राफला (चालवण्याचे तास नोंदवणाऱ्या यंत्राला) दोन खाचा असतात, एक चालवणाऱ्याच्या कार्डाची, एक जोडीदाराच्या. आपल्याकडे लायसन्स आधीच कार्डावर आहे. ट्रॅकिंग यंत्राला कार्ड वाचायची सोय जोडली, कार्डाशिवाय गाडी हलली तर तशी नोंद पडली, एवढ्यावरही सुरुवात होईल.

आणि थांबा सक्तीचा करायचा तर थांबायला जागा हवी. तेल कंपन्यांनी पंपांवर सुरू केलेली ‘अपना घर’ शयनगृहं चांगली आहेत, पण डबल ड्रायव्हरची गाडी एका जागी दोन खाटा आणि गाडीवर राखण मागते. राखण नसेल तर एक जण गाडीतच झोपणार. समृद्धीवर आणि राष्ट्रीय महामार्ग ४८ वर दर १५०-२०० किलोमीटरला कुंपण घातलेला, दिवे असलेला, वीसेक गाड्यांचा तळ, आंघोळीची सोय आणि रात्रभर चालणारी खानावळ, एवढं पुरे.

जिथे दोन्ही बाजूंना रोजचा माल आहे तिथे तर डबल ड्रायव्हरचीही गरज नाही. गाडी पळत राहावी, माणूस चार-पाच तास चालवून पुढच्या तळावर दुसऱ्याला गाडी देऊन उलट दिशेच्या गाडीने घरी परत जावा, ही रिलेची पद्धत रिव्हिगो कंपनीने भारतात मोठ्या प्रमाणावर करून दाखवली होती. त्यात तळ सांभाळायचा खर्च मोठा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचा मेळ जुळावा लागतो. एका बाजूला माल आणि दुसऱ्या बाजूला रिकामं असेल तर माणूस तळावर अडकून पडतो. मुंबई–अहमदाबाद, पुणे–बंगळुरूसारख्या पट्ट्यांत मोठ्या कंपन्यांनी आपापले माल एकत्र करून तो जुळवावा. छोट्या मालकाच्या ते आवाक्याबाहेरचं आहे, त्याच्यासाठी दोन ड्रायव्हर आणि एक प्रामाणिक थांबा हाच मार्ग.

एक छोटी गोष्ट मात्र कायदा बदलायची वाट न बघता होण्यासारखी आहे. ई-वे बिलाच्या भाग ‘ब’ मध्ये गाडीचा नंबर भरतो. तिथेच ड्रायव्हरच्या लायसन्सचे दोन रकाने द्या. दुसरा रकाना रिकामा असेल आणि मुदत दीड दिवसाची, तर नाक्यावर वेगळं काही शोधावं लागणार नाही.

बदलीच्या वेळच्या तपासणीचा कागद सोबत जोडला आहे. एका पानाचा आहे, केबिनच्या सनव्हायझरमागे मावतो.

आपले,
लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीतले काही चालक, फ्लीट सुपरवायझर आणि छोटे गाडीमालक